गोव्यात रेसकोर्स आला तर: परवाना कोण देणार आणि घोडे कोणाच्या पैशावर धावणार?

प्रश्न असा आहे: पेडणे किंवा डिचोलीच्या बाजूला घोड्यांच्या शर्यतींचं मैदान झालं, तर सरकार त्यावर ताबा कसा ठेवणार, त्यात स्वतःचा पैसा घालणार का, आणि मांडवीतल्या कॅसिनोंसारखा महसूल मिळणार का?

आधी मुद्द्याचं सांगतो. परवाना देण्याचा अधिकार राज्याचा आहे. पैजेवरचा कर २०१७ पासून जीएसटीत गेला आहे. बक्षिसांचा पैसा मात्र सरकार देत नाही आणि मोठे शेठही फारसा देत नाहीत. तो मुख्यतः शंभर-दोनशे रुपयांचं पैजेचं तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून येतो. हा पैसा कुठे कापला जातो आणि कुठे परत येतो हे कायद्यातच लिहिलं नाही, तर मैदान कितीही देखणं असो, घोडे येणार नाहीत.

कायद्यापासून सुरुवात करू. पैज आणि जुगार हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या नोंद ३४ मध्ये येतो, म्हणून कायदा विधानसभेने करायचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला आणि मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्याचा तमिळनाडूचा कायदा रद्द केला. म्हणजे शर्यतीला सरसकट जुगार म्हणून मोडीत काढता येत नाही. पण तिला परवान्याच्या चौकटीत बसवण्याचा राज्याचा अधिकार शाबूत आहे. महाराष्ट्रात ती चौकट १९१२ च्या कायद्याने घातली: परवाना असलेल्या मैदानाखेरीज शर्यत घ्यायची नाही, आणि परवान्यात सरकार अटी घालणार. जोडीला १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. शर्यतीच्याच दिवशी, मैदानातल्या ठरवून दिलेल्या आवारातच लावलेली पैज त्याने जुगाराच्या व्याख्येतून वगळली आहे. दिवस आणि जागा, या दोन कुंपणांवर सगळी इमारत उभी आहे.

गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. त्यातल्या १३-अ कलमाने पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं आणि जहाजांवरचे टेबलावरचे खेळ यांना वाट दिली. याच कलमात आणखी एक ओळ घालून घोडेही बसवून टाकू, असा मोह होईल. तो टाळावा. कॅसिनोत खेळ, जागा आणि पैसा एकाच परवानाधारकाचा असतो. शर्यतीत मैदान क्लबचं, घोडा मालकाचा, तालीम ट्रेनरची, स्वारी जॉकीची आणि पैज प्रेक्षकाची. एवढ्या लोकांचे हक्क आणि जबाबदाऱ्या एका ओळीत मावत नाहीत. स्वतंत्र कायदाच हवा.

परवाना किती वर्षांचा, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. घोडा दुसऱ्या वर्षी तालमीला येतो आणि सर्वसाधारणपणे पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत धावतो. विकत घेणारा माणूस तीन-चार हंगामांचा हिशोब धरूनच पैसे टाकतो. अशा धंद्याला दरसाल नूतनीकरणाच्या टांगणीवर ठेवलं की काय होतं, ते बंगळुरूत दिसलं. २०२४ साली कर्नाटक सरकारने तिथल्या टर्फ क्लबला परवाना नाकारला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि तोवर घोडे तबेल्यात उभ्या-उभ्या दाणा खात होते. सरकारच्या तक्रारीत तथ्य असेल वा नसेल, शिक्षा घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसांपर्यंत पोचते. माझ्या मते परवाना पाच वर्षांचा असावा, शर्यतींचे दिवस दरवर्षी मंजूर व्हावेत, आणि गुन्ह्यानुसार दंड चढत जावा: आधी रक्कम, मग ठरावीक दिवस रद्द, शेवटी परवाना.

मैदानावरचा रोजचा कारभार सरकारी अधिकाऱ्याने करू नये. तिथे स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, असतात. जॉकीने घोडा मुद्दाम ओढला का, आडवा घातला का, हे चित्रफीत पाहून तेच ठरवतात. घोड्याला किती वजन द्यायचं ते हँडिकॅपर ठरवतो. जिंकलेल्या घोड्याचा लघवीचा किंवा रक्ताचा नमुना दोन भागांत सीलबंद होतो. एक भाग तपासायचा, दुसरा वाद झाला तर उघडायचा. इथे घोटाळ्याची जास्त भीती प्रयोगशाळेत नसते. ती असते विजयाच्या जागेवरून घोडा नमुन्याच्या खोलीत पोचेपर्यंतच्या मधल्या वेळात. म्हणून घोड्याबरोबर चालणारा माणूस क्लबच्या ट्रेनरांशी देणंघेणं नसलेला हवा, आणि पाण्याची बादलीही नमुना खोलीचीच हवी.

सरकारी निरीक्षकाने नजर ठेवावी ती पैशाच्या जागांवर. टोटमध्ये, म्हणजे क्लबच्या पैजेच्या यंत्रावर, सगळ्या तिकिटांचा पैसा एका कुंडात जमतो, क्लबचं कमिशन कापलं जातं आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. घोडे सोडायचं गेट उघडताच यंत्र बंद झालं पाहिजे. ते काही सेकंद जरी उघडं राहिलं, तरी घोडा आघाडीला गेल्याचं पाहून तिकीट निघतं. म्हणून सुरुवातीची वेळ आणि शेवटच्या तिकिटाची वेळ एकाच घड्याळावर नोंदली जाते का, हे पहिलं तपासावं. दुसरी जागा सुट्ट्या पैशांची. लाभांश, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम, २३ रुपये ७० पैसे निघाला आणि २३ च दिले, तर ते ७० पैसे कोणाचे? एका तिकिटाला क्षुल्लक दिसतात, पण हंगामभरात ती घसघशीत रक्कम होते. न वटवलेल्या तिकिटांचंही तसंच. परवान्यात याचा उल्लेख नसेल, तर हा पैसा गुपचूप कमिशनमध्ये मिसळतो. तिसरी जागा बुकींचा, म्हणजे स्वतः पैजा घेणाऱ्यांचा, कट्टा. परवानाधारक बुकीने प्रत्येक पैजेची छापील पावती दिली तरच कर लागतो. पावतीविना थोडा चढा भाव देणं हा कर बुडवण्याचा जुना रस्ता. त्यावर उपाय छाप्यांचा नाही, मोजणीचा आहे: बुकीच्या यंत्राची जोडणी थेट सरकारी सर्व्हरला, आणि बंद पडलेल्या यंत्रावर व्यवहार बंद.

आता कर. याच बाबतीत लोकांचा सर्वात जास्त गैरसमज आहे. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतल्या नोंद ६२ मधून पैज आणि जुगारावरचा कर निघून गेला. करमणुकीवरचा कर उरला तोही पंचायत किंवा नगरपालिका लावेल तेवढाच. म्हणजे गोवा सरकार स्वतःचा वेगळा पैजकर लावू शकत नाही. हाती राहतं परवाना शुल्क आणि जीएसटीतला राज्याचा अर्धा वाटा. दर आधी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. आणि तो क्लबच्या कमिशनवर नसून पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे. पूर्ण रकमेवर आकारणी करणारा नियम कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली टोटच्या बाबतीत रद्दही केला होता. क्लब तो पैसा फक्त हाताळतो, त्याचं उत्पन्न म्हणजे कमिशन, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पण २०२३ च्या दुरुस्तीने घोड्यांची शर्यत नाव घेऊन कायद्यात आली आणि पूर्ण रकमेचा नियम कायम झाला.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. समजा कमिशन २० टक्के आहे. १०० रुपयांच्या पैजेला १४० मोजावे लागतात, कुंडात १०० जातात, त्यातले सरासरी ८० परत येतात. म्हणजे रुपयाला ५७ पैसे. हजार रुपये घेऊन आलेल्या माणसाने मिळेल ते पुढच्या शर्यतीत लावलं, तर सरासरीने पहिल्या शर्यतीनंतर त्याच्याकडे ५७१ रुपये, दुसरीनंतर ३२७ आणि तिसरीनंतर १८७ उरतात. दिवसाच्या आठ शर्यतींपैकी पाच बाकी असताना त्याचा खिसा जवळजवळ रिकामा होतो. कर फक्त कमिशनवर, कमिशनच्या आतूनच घेतला असता, तर तिसऱ्या शर्यतीनंतर त्याच्या हातात ५१२ असते. बेकायदा बुकी कर घेत नाही, उधारी देतो आणि घरबसल्या फोनवर पैज घेतो. मटका पाहिलेल्या गोवेकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. ४० टक्क्यांचा दर त्या बुकीला मिळालेलं संरक्षण आहे, असं मी स्पष्टपणे म्हणतो.

गोव्याच्या दृष्टीने यात आणखी एक खोच आहे. जीएसटीच्या नियमांत कॅसिनोसाठी कर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, विकत घेताना एकदाच लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा टेबलावर ठेवल्या तर त्यांवर पुन्हा कर नाही. शर्यतीला ही सवलत नाही. जिंकलेले पैसे पुढच्या शर्यतीत लावले की त्या पूर्ण रकमेवर नव्याने ४० टक्के. म्हणजे एकाच संध्याकाळी, एकाच राज्यात, जहाजावरचा माणूस एकदा कर भरतो आणि मैदानावरचा आठ वेळा. हा फरक दूर करायचा अधिकार पणजीत नाही, जीएसटी परिषदेत आहे. तिथे गोव्याचाही एक मंत्री बसतो. रेसकोर्सची पायाभरणी करण्याआधी मागणी तिथे मांडायला हवी. वर, दहा हजारांपुढच्या जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के आयकर उगमातच कापला जातो.

हंगाम चालवायला किती पैसा लागतो? दिवसाला ८ शर्यती आणि प्रत्येकीत ८ ते १० घोडे, म्हणजे ६४ ते ८० घोडे उभे राहिले पाहिजेत. एक घोडा साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा धावतो. म्हणून दर आठवड्याला शर्यती ठेवायच्या तर दोनशे ते अडीचशे धावते घोडे हवेत. लंगडणारे, तापातून उठलेले आणि अजून कच्चे धरले, तर तबेल्यात तीनशे लागतात. एका घोड्याचा महिन्याचा खर्च ४५ हजार धरू: दाणा, गवत, सईस, नाल, डॉक्टर, ट्रेनरची फी. ३०० घोड्यांचे वर्षाला १६ कोटी २० लाख झाले. मालकांच्या खर्चापैकी निदान निम्मा बक्षिसांतून भरून निघावा असं मानलं, तर ८ कोटी १० लाखांची बक्षिसं हवीत. २० टक्के कमिशनपैकी अर्धं बक्षिसांना दिलं, तर त्यासाठी वर्षाची उलाढाल ८१ कोटी व्हायला हवी. वीस दिवसांच्या हंगामात ती रोजची चार कोटींच्या वर जाते.

त्या ८१ कोटींवर ४० टक्के कर म्हणजे ३२ कोटी ४० लाख. राज्याचा अर्धा वाटा १६ कोटी २० लाख. हा आकडा वरच्या एका आकड्याशी तंतोतंत जुळतो: तीनशे घोड्यांचा वर्षभराचा सगळा खर्च तेवढाच होता. म्हणजे मालकांना निम्म्या खर्चाइतकी बक्षिसं मिळत असताना सरकारं त्या बक्षिसांच्या चौपट घेऊन जातात. आणि या दराने रोजची चार कोटींची उलाढाल गोव्यासारख्या पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्यात होईल असं मला वाटत नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. तीच अट मैदानाला लावली, तर गिऱ्हाईक फक्त पर्यटक, आणि पर्यटक नव्या मैदानावर घोड्यांचा अभ्यास करत बसत नाही.

बाहेरच्या देशांनी हा पेच वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. हाँगकाँगने २००६ साली उलाढालीवरचा कर काढून लाभांश वाटून उरलेल्या रकमेवर कर बसवला. दर ७२.५ टक्क्यांपासून पुढे, म्हणजे भारी, पण उरलेल्यावर. त्यामुळे क्लबला बेकायदा बुकीशी भावात टक्कर देता आली. जपानमध्ये उलाढालीचा दहावा हिस्सा राष्ट्रीय तिजोरीत जातो, पण त्यातले तीन भाग पशुपालनासाठी आणि एक भाग समाजकल्याणासाठी, हे ठरलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९६१ पासून लेव्ही मंडळ आहे. बुकींच्या नफ्यातून ठरावीक हिस्सा, २०१७ पासून पाच लाख पौंडांच्या वरच्या नफ्याचे १० टक्के, थेट बक्षिसं आणि तपासण्यांकडे वळतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाने २००४ च्या कायद्याने कॅसिनो यंत्रांच्या उत्पन्नातून घोड्यांसाठी निधी उभा केला. गोव्यात हीच कल्पना सर्वात आधी सुचेल. पण तिथे २०२० साली गव्हर्नरांनी त्या निधीतला मोठा भाग शिष्यवृत्त्यांकडे वळवण्याचा प्रस्ताव ठेवला आणि घोडेवाल्यांची झोप उडाली. दुसऱ्याच्या पैशावर पोसलेला धंदा दर अर्थसंकल्पाला भीक मागतो. कॅसिनोच्या पैशातून मैदान बांधायला मदत घ्यावी. बक्षिसं त्यावर चालवू नयेत.

गोव्याला जमेल असा मार्ग राज्याच्या वाट्यातून परतफेडीचा आहे. उद्योगांना राज्य जीएसटीचा काही भाग प्रोत्साहन म्हणून परत देण्याच्या योजना अनेक राज्यांत आहेत. तसाच राज्याच्या वाट्याचा समजा चौथा हिस्सा एका विकास निधीत जावा. करताना एक तांत्रिक चूक हमखास होते: कर थेट निधीत जमा होईल असं लिहिलं जातं. अनुच्छेद २६६ प्रमाणे कराचा पैसा आधी राज्याच्या एकत्रित निधीत यायला हवा आणि विधानसभेच्या विनियोजनानेच बाहेर जायला हवा. म्हणून कायद्यात सूत्र लिहायचं, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडायचं, आणि तपासणी कॅगकडे. सूत्र नसलं की पहिल्या तंगीत रक्कम शून्य होते. या निधीतला पैसा कोणत्याही क्लबच्या इमारतीला देऊ नये. तो बक्षिसं, नमुना तपासणी, जखमी जॉकी-सईसांचा विमा आणि निवृत्त घोडे यांवरच खर्च व्हावा. ऑनलाइन पैजांच्या उत्पन्नावरही अंदाजपत्रक उभारू नये. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे.

जमिनीचा आणि हवेचा प्रश्न पैशाइतकाच अवघड आहे. दोन हजार मीटरचा फेरा आखला, तर आतलं क्षेत्रच सव्वादोन लाख चौरस मीटरच्या पुढे जातं. तबेले, तालमीचा वाळूचा पट्टा, स्टँड धरून पाच लाख चौरस मीटर लागतात. कुळाची जमीन १९९१ च्या कायद्याने शेतीखेरीज वापरता येत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, जमीन घ्यायची तर गावकारांचा ठराव आणि ग्रामसभेतला विरोध दोन्ही समोर येणार. आणि पाणी! २,००० मीटर लांब, २५ मीटर रुंद हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे अडीच लाख लिटर, दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर, तेही गावात नळ कोरडे असतात त्या मार्च-एप्रिलमध्ये. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सोय आराखड्यात नसेल, तर प्रकल्प तिथेच थांबवावा.

हंगाम कोणता धरायचा? जून ते सप्टेंबर पावसात जांभ्यावरचा ट्रॅक चालणार नाही. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा हंगाम, त्याच सुमारास बंगळुरूचा हिवाळी हंगाम. चांगले घोडे तिथेच असणार. मोकळे उरतात ते मे आणि ऑक्टोबर, आणि गोव्याच्या त्या महिन्यांतला दमटपणा घोड्याला सोसत नाही. अशा हवेत काही घोड्यांचा घाम येणंच थांबतं, अंग तापून निघतं आणि घोडा धाप लागून उभा राहतो. म्हणून पहिली काही वर्षं दहा-बारा दिवसांची छोटी फेरी, मुंबई-पुण्याच्या क्लबशी करार करून, तीही सकाळी लवकर किंवा प्रकाशझोतात, एवढंच शहाणपणाचं.

घोडे पुण्याहून आणायचे तर रस्ता साधारण ४५० किलोमीटरचा, आंबोली किंवा अनमोडच्या घाटातून. गाडीत डोकं वर बांधून ठेवलेल्या घोड्याला श्वासनलिकेतला कफ खाली सोडता येत नाही आणि फुप्फुसाचा ताप येतो. दर चार तासांनी थांबून दोर सैल करायचा, डोकं जमिनीकडे नेऊ द्यायचं, पाणी दाखवायचं. पत्रादेवी किंवा मोलेच्या नाक्यावर ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्तक्षय या घोड्यांच्या रोगांचे नकारात्मक अहवाल पाहिल्याशिवाय एकही घोडा आत सोडू नये. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला मारावंच लागतं. एक घोडा बाधित निघाला तरी आसपासच्या सगळ्या घोड्यांची ये-जा बंद होते, म्हणजे तो हंगाम संपला. पशुसंवर्धन खात्याकडे विलगीकरणाचा वेगळा तबेला, मुख्य आवारापासून दूर, वेगळे सईस आणि वेगळ्या बादल्यांसह, पहिल्या दिवसापासून तयार हवा. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखालची नोंदणी प्रत्येक घोड्याची लागते. धिरयोंवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, १९९६ साली उच्च न्यायालयाने बंदी आणलेल्या या राज्यात चाबकाचे वळ दाखवणारा एक व्हिडिओ सगळं बंद पाडायला पुरेसा आहे.

निवृत्तीची तरतूद परवान्याच्या अटींतच असावी. घोडा पंचवीस वर्षं जगतो आणि सहाव्या वर्षी धावणं थांबवतो. मैदानावर नाव नोंदवताना मालकाकडून प्रत्येक घोड्यामागे ठेव घ्यावी. घोडा पैदाशीला, स्वारीच्या शाळेला किंवा आश्रयस्थानात गेल्याचा, घोड्याच्या अंगातल्या ओळख-चिपचा क्रमांक जुळणारा दाखला आल्यावरच ती परत करावी. दाखला दोन वर्षांत आला नाही, तर ठेव जप्त, आणि त्या मालकाच्या दुसऱ्या घोड्याची नोंदणीही थांबवावी.